तांबडीची घरघर : औषधाआधी खुराडं बघा

प्रश्न : आमच्याकडे परसात बारा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, सगळ्या गावठी. त्यातली तांबडी चार वर्षांची, घरातलीच झालेली. गणपतीच्या आधीपासून ती शिंकते, रात्री खुराड्यातून तिची घरघर ऐकू येते. एका डोळ्याच्या कोपऱ्यात फेस येतो. दाणे टिपते, पण पूर्वीसारखी धावून येत नाही आणि अंडी बंद झालीत. आता आणखी दोघी शिंकायला लागल्या आहेत. श्रावणात आठवडी बाजारातून दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, आणल्या होत्या. त्यातली एक आल्यापासूनच अधूनमधून शिंकायची, पण पावसामुळे असेल म्हणून सोडून दिलं. मेडिकलमधून माणसांच्या अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल आणून चार दिवस पाण्यातून दिल्या, फरक नाही. सासूबाई लसूण-हळदीच्या गोळ्या भरवतात. पाऊस आत येतो म्हणून खुराड्याला चारी बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद बांधला आहे. कुठलं औषध द्यावं? अंडी खावीत का? लहान मुलं कोंबड्यांत खेळतात, त्यांना काही होईल का? आमचे हे म्हणतात, पुरती लोळायच्या आत कापून टाकू.
— एक वाचक, संगमेश्वर तालुका

उत्तर : ताई, औषधाचं नाव सांगते, पण जरा पुढे. तुमच्या अख्ख्या पत्रात मला दोन गोष्टी खटकल्या: बाजारातून आलेली शिंकरी तलंग आणि चारी बाजूंनी बांधलेला कागद. या दोन्हींचं काही न करता कितीही भारी औषध दिलंत, तरी दिवाळीच्या थंडीत तांबडी पुन्हा घरघरणार आणि या वेळी सोबतीला बाकीच्याही असतील.

आज रात्री एक काम करा. सगळ्या दांडीवर बसून शांत झाल्या की बॅटरी न लावता खुराड्याशी पाच-दहा मिनिटं नुसत्या बसा. कोंबडी दिवसा आजार लपवते. चार जणींत लंगडी किंवा मलूल दिसली तर बाकीच्या टोचून हैराण करतात, हे तिला ठाऊक असतं. रात्री मात्र श्वासाचा आवाज लपत नाही. किती जणी घरघरतात, कोण शिंकतं, कोणाचा श्वास शिट्टीसारखा येतो, हे अंधारात नीट कळेल. तुम्हाला तीन आजारी वाटत असतील, तर पाच निघाल्या तरी नवल वाटू देऊ नका.

मग बॅटरी लावून एकेकीला उचला. धरताना छाती आवळू नका. आपल्या छाती-पोटाच्या मध्ये असतो तसा श्वासाचा पडदा कोंबडीला नसतो. तिचं छातीचं हाड खाली-वर हललं तरच हवा आत-बाहेर होते. आधीच दम लागलेली कोंबडी कोणी घट्ट कवटाळली, की ती हातातच मान टाकते. पंख अंगाशी धरून काखेत सैल घ्या, म्हणजे पाय खाली मोकळे राहतील. दुसऱ्या कोणाला तरी चोच अलगद उघडायला सांगा आणि जिभेच्या मुळाशी बघा. तिथे एक बारीक फट उघडझाप करताना दिसेल, ते श्वासनलिकेचं तोंड. त्याच्या आजूबाजूला पिवळट-पांढरे, दह्याच्या कवडीसारखे चट्टे आहेत का? नाकपुड्या हलक्या दाबल्यावर नुसतं पाणी येतं की घट्ट शेंबूड? आणि हो, नाकाशी नाक नेऊन वाससुद्धा घ्या. किळस वाटेल, पण त्या वासानं अर्धं निदान होतं.

एका बाजूचा चेहरा सुजून डोळा मिटला असेल आणि नाकाला सडका वास मारत असेल, तर तो कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची संसर्गजन्य सर्दी. तो दोन-तीन दिवसांत अर्धं खुराडं धरतो. तोंडात चट्टे आणि तुऱ्यावर काळे फोड असतील तर देवी. ती डासांनी पसरते आणि आपल्याकडे पावसाळ्यात-हिवाळ्यात डोकं वर काढते. देवीचे चट्टे खरवडून काढायचा मोह होतो, तो आवरा, कारण रक्त श्वासनलिकेत उतरतं. पिल्लं मान लांब करून सारखी जांभई दिल्यासारखी चोच उघडत असतील तर श्वासनलिकेतले कृमी असू शकतात. ते गांडुळं-गोगलगायींतून येतात आणि त्यांना जंताचं औषध लागतं, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. मोठ्या कोंबड्यांत हे कमी.

मानमोडी मात्र वेगळीच चीज आहे. तीच रानीखेत. कुमाऊंतल्या रानीखेत गावात तिची नोंद झाली म्हणून भारतभर तेच नाव पडलं. तिच्यातही घरघर असते, पण सोबत हिरवी पातळ शीट, मान पिरगळणं, पाय-पंख लुळे पडणं आणि पटापट मरतुक. तिला औषध नाही, लस आहे. तुमच्याकडे महिनाभर शिंका चालूनही एकही मेलेली नाही, म्हणजे ही मानमोडी वाटत नाही.

हळूहळू पसरणारी घरघर, डोळ्यात फेस, खाणं बऱ्यापैकी चालू, अंडी बंद, आणि सुरुवात बाहेरून आणलेल्या पक्ष्यापासून. हे सगळं एका आजाराकडे बोट दाखवतं. पोल्ट्रीवाले त्याला सीआरडी म्हणतात. मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूमुळे होणारा हा श्वसनाचा जुनाट आजार. पत्रावरून खात्री देता येत नाही, पण पैज लावायची तर मी यावर लावेन.

अमॉक्सिसिलिननं फरक का पडला नाही, तेही यातच आलं. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं जंतूच्या बाहेरच्या भिंतीवर घाव घालतात, आणि मायकोप्लाझ्माला ती भिंतच नसते. चारऐवजी चौदा दिवस दिलं असतं तरी हेच झालं असतं. शिवाय पाण्यातून दिलंत म्हणता, पण परसातली कोंबडी भांड्यातलं पाणी पिते कुठे? पागोळ्यांखालचं डबकं, तुळशीच्या कट्ट्याजवळची कुंडी, गोठ्यातली डोणी, सगळीकडे चोच मारून येते. औषधाचं पाणी संध्याकाळी जसंच्या तसं. त्यात आजारी कोंबडी एरवीच पाणी कमी पिते, म्हणजे जिला सर्वांत जास्त गरज, तिच्या पोटात सर्वांत कमी.

या जंतूवर चालणारी औषधं म्हणजे टायलोसिन, टियाम्युलिन आणि टेट्रासायक्लिनच्या घराण्यातली डॉक्सिसायक्लिन, ऑक्सिटेट्रासायक्लिन. डोस मी छापत नाही, कारण पुडीपुडीत औषधाचं प्रमाण वेगळं असतं आणि चमच्याच्या मापानं दिलेलं औषध एक तर कमी पडतं नाहीतर जास्त होतं. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ हा टोल फ्री नंबर फिरवा. ही फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची हेल्पलाइन आहे. जाताना तांबडीचं वजन करून जा. कापडी पिशवीत घालून काट्याला लटकवलं की काम झालं. गावठी कोंबडी दीड किलोची आहे की सव्वादोन, यावर डोस ठरतो.

दुकानात बहुधा एन्रोफ्लॉक्सासिनची बाटली पुढे करतील, कारण ती स्वस्त आहे आणि दोन दिवसांत आवाज थांबवते. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ती घेऊ नका. त्याच जातीची औषधं माणसांच्या आजारांत लागतात आणि जंतू त्यांना सरावले की आपलीच पंचाईत होते. अमेरिकेनं हे औषध कोंबड्यांसाठी २००५ मध्येच बंद केलं. आणि एखाद्या जुन्या पुडीवर कॉलिस्टिन दिसलं तर ती सरळ परत करा. आपल्याकडे खाद्य जनावरांसाठी ते २०१९ पासून बंद आहे.

औषध देण्यातही खुब्या आहेत. तांबडीला आणि घरघरणाऱ्या बाकीच्यांना चोचीतूनच द्या, सुई काढलेल्या सिरिंजनं, चोचीच्या कडेनं, एकेक थेंब, ती गिळेल तसं. उताणी करून घशात ओतलंत तर मघाशी पाहिलेल्या त्या फटीतून औषध थेट फुप्फुसात जाईल आणि आजारानं न मेलेली कोंबडी उपचारानं मरेल. बाकीच्यांना डॉक्टरांनी पाण्यातून द्यायला सांगितलं, तर तेवढे दिवस सगळ्यांना कोंडून ठेवा आणि दुसरं पाणी समोर नको. मोठी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात दुप्पट. म्हणजे तुमच्या खुराड्याला तीन-साडेतीन लिटर पुरे, आणि ते रोज सकाळी ताजं कालवायचं. डॉक्सिसायक्लिन किंवा ऑक्सिटेट्रासायक्लिन चालू असेल तर शिंपल्यांचा चुरा, चुनखडी, ताक-दही तेवढे दिवस बंद. कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते अंगी लागत नाही. कोकणात शिंपल्या हाताशी असतात आणि अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून प्रत्येक घरात टाकतात, म्हणून मुद्दाम सांगते. कोर्स डॉक्टर सांगतील तितका पुरा करा, आवाज थांबला म्हणून तिसऱ्या दिवशी सोडू नका.

सासूबाईंच्या लसूण-हळदीला माझी हरकत नाही. त्यानं मायकोप्लाझ्मा मरत नाही, पण गोळी गुळगुळीत आणि वाटाण्याएवढी असेल तर अपायही नाही. निलगिरीच्या तेलाची वाफ, कापूर, धूप, खुराड्यात मच्छर अगरबत्ती हे मात्र नको. कोंबडीच्या फुप्फुसांना जोडून अंगभर हवेच्या नऊ पिशव्या असतात. आपल्याला सुखद वाटणारा धूर तिच्या अंगात फार खोलवर जातो. नाक चोंदलं असेल तर कोमट मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसानं नाकपुड्या आणि डोळा पुसा, एवढं पुरे. कण्यांचा मऊ भात, त्यात थोडा शेवग्याचा पाला चिरून द्या. जीवनसत्त्व अ कमी पडलं की श्वासनलिकेचं अस्तर कमजोर होतं, आणि पावसात नुसत्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांत ते कमी पडतंच.

आता खुराडं. उद्या पहाटे दार उघडण्याआधी गुडघ्यावर बसा, तोंड कोंबडीच्या उंचीला न्या आणि मग दार उघडून श्वास घ्या. उभ्यानं घेतलेला वास खरा नसतो. तिखट वास नाकात गेला, डोळे चुरचुरले, तर रात्रभर तुमच्या कोंबड्या त्याच हवेत होत्या. तो अमोनिया. ओल्या शिटेतून निघतो आणि श्वासनलिकेच्या आत जे बारीक केस कचरा वर ढकलतात, त्यांनाच निकामी करतो. मायकोप्लाझ्मा एकटा असतो तेव्हा कोंबडी नुसती शिंकते. खरं नुकसान होतं ते या जखमी नळीतून शिटेतले ई-कोलाय नावाचे जंतू आत घुसले की. मग हवेच्या पिशव्यांत पू होतो आणि कोंबडी वाळत जाते. तुमचा प्लॅस्टिकचा कागद पावसाला अडवतो खरा, पण ही हवाही आतच अडवून ठेवतो.

कागद काढा असं मी म्हणत नाही, संगमेश्वरच्या पावसात ते शक्यही नाही. खालपासून दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्यापर्यंत तो राहू दे. त्याच्या वर, छपराखाली, समोरासमोरच्या दोन बाजू निदान वीतभर उघड्या ठेवा आणि बारीक जाळी मारा, म्हणजे साप-मुंगूस आत येणार नाही. पावसाची झड येते त्या बाजूला छप्पर थोडं पुढे काढा. गरम दमट हवा वरून निघून जाईल आणि थेट वारा कोंबडीच्या अंगावर येणार नाही. थंडी वाजेल ही भीती सोडा. कोरडी कोंबडी थंडी सोसते, पण दमटपणा तिला सोसत नाही.

खालची गादी उकरा. भाताचं तूस मुठीत दाबल्यावर गोळा होत असेल तर ती गादी बाद. सगळी काढून उकिरड्यावर टाका, जमीन कोरडी होऊ द्या, मग चुना, मग बोटाच्या दोन पेरांएवढं कोरडं तूस. क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे ओल्या गादीवरच चुना भुरभुरतात आणि स्वच्छता झाली असं समजतात. ओल्या शिटेवर चुना पडला की अमोनिया आणखी जोरात सुटतो आणि त्या रात्री कोंबड्यांचे डोळे लाल होतात. तूस बुरशीचं, काळपट, कोंदट वासाचं असेल तर फुकट मिळालं तरी घेऊ नका. बुरशी फुप्फुसात बसली तर तिला उपाय नाही. झाडताना स्वतःच्या नाका-तोंडाला फडकं बांधा आणि पोरांना लांब ठेवा.

तुमच्या मुलांबद्दल: कोंबडीचा हा मायकोप्लाझ्मा माणसाला होत नाही. कोंबड्या हाताळल्यावर साबणानं हात धुणं आणि आजारी कोंबडीच्या तोंडाशी तोंड न नेणं एवढं पाळलं की झालं. धोका दुसऱ्या एका गोष्टीचा असतो आणि तिथे मी अजिबात ढिलाई करत नाही. एक-दोन दिवसांत एकामागून एक कोंबड्या मेल्या, तुरा आणि चोचीखालचे लोंबते गलोल निळे-काळे पडले, डोकं सुजलं, पायांच्या कातडीखाली रक्त साकळलं, किंवा गावात कावळे मरून पडायला लागले, तर कोंबडीला हात न लावता दवाखान्याला कळवायचं. बर्ड फ्लू २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात आला आणि २०२१ मध्ये परभणीत, त्यामुळे आपल्याकडे नाही होत असं म्हणायची सोय राहिलेली नाही. बर्ड फ्लू आणि मानमोडी दोन्ही कळवणं २००९ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. अशा वेळी मेलेली कोंबडी ओढ्यात फेकू नये, कुत्र्यापुढे टाकू नये. अधिकारी सांगतील तसंच करायचं. तुमच्याकडे सध्या असं काही दिसत नाही, म्हणून घाबरू नका.

अंड्यांचं उत्तर दोन भागांत. औषध चालू असताना आणि संपल्यावर काही काळ सगळ्या औषध घेणाऱ्या कोंबड्यांची अंडी खायची नाहीत, विकायची तर मुळीच नाहीत. औषधाचे अंश बलकात बरेच दिवस उतरत राहतात. नेमके दिवस औषधावर आहेत, डॉक्टरांना विचारा. त्यांनी काही सांगितलं नाही तर माझ्याकडून तीन आठवडे धरा. दुसरा भाग बहुतेक जण विसरतात. हा जंतू अंड्यातून पिल्लात जातो. पाऊस ओसरला की तुमच्या एक-दोन कोंबड्या खुडूक होतील आणि तुम्ही हौसेनं तांबडीचीच अंडी खाली ठेवाल, कारण ती अंड्याला चांगली. ठेवू नका. पिल्लं पाळायचीच असतील तर ज्यांच्याकडे वर्षभरात शिंका ऐकू आल्या नाहीत अशा घरून अंडी आणा.

कापून टाकायचं म्हणता, तर औषध सुरू झाल्यावर काही काळ ती खाण्याच्या लायक राहत नाही, आणि औषध न देता घरघरणारी कोंबडी कापून शेजारीपाजारी वाटावी हेही मला पटत नाही. पातळ शीट आणि पिरगळलेली मान आली, किंवा चोच उघडी टाकून ती सारखी धापा टाकायला लागली, तर तिला यातनांतून सोडवणं ठीक. पण मग ती पुरायची, कुत्री उकरणार नाहीत इतकं खोल, वरून चुना घालून. तांबडी अजून दाणे टिपते आहे. तिला सुधारायची संधी आहे. मेलीच आणि कारण कळायला हवं असेल, तर ती ताजी असतानाच दुहेरी पिशवीत बर्फावर ठेवून दवाखान्यात न्या. फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठलेल्या अवयवांतून नीट काही वाचता येत नाही.

सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे तिला किंवा त्या तलंगांना बाजारात नेऊन विकणं. तुमच्याकडे ही पीडा अशीच आली. कोणीतरी शिंकरी तलंग आठवडी बाजारात आणली, भाव ठरला, टोपलीतून तुमच्या परसात. आता ती साखळी तुमच्याकडे थांबवा.

कारण औषधानं आवाज बंद झाला तरी जंतू अंगातून पुरता जात नाही. तांबडी बरी दिसेल, अंडी देईल, आणि पुढच्या पावसात, पिसं गळताना किंवा दूरचा प्रवास घडला की परत शिंकेल. मोठ्या फार्मवर अशा वेळी सगळा माल काढून, शेड धुऊन, काही आठवडे रिकामं ठेवून नव्यानं सुरुवात करतात. कोंबडीबाहेर हा जंतू फार दिवस तग धरत नाही, म्हणून ते जमतं. तुमच्या बारा कोंबड्यांसाठी मी तसं सांगणार नाही. तुम्ही दार बंद करा. या खुराड्यातून कोंबडी बाहेर जाणार नाही, बाहेरची आत येणार नाही, आणि यांची अंडी फक्त खाण्यासाठी. अशा दोन-तीन वर्षं सुखानं राहतात. नवीन आणायची वेळ आलीच तर ती घराच्या दुसऱ्या बाजूला, वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या भांड्यात तीन-चार आठवडे ठेवायची, आणि आधी जुन्यांचं करून मग नवीनचं करायचं, उलट नाही. पाहुण्यांनी भेट म्हणून आणलेल्या कोंबडीलाही हाच नियम.

शेवटी लसीबद्दल, कारण डॉक्टर हा विषय काढतीलच. आत्ता, शिंका चालू असताना, मानमोडीची लासोटा नावाची लस देऊ नका. ती जिवंत लस आहे, श्वासनलिकेतच काम करते आणि मायकोप्लाझ्मा असलेल्या कोंबडीत त्रास भडकवते. घरघर थांबून दोन-तीन आठवडे गेले की मग. पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब, महिन्याच्या आसपास पुन्हा, आणि आठव्या आठवड्याला मानमोडीच्याच आर-टू-बी लसीचं इंजेक्शन, असा साधारण क्रम. मोठ्यांचं डॉक्टर ठरवतील. अडचण एकच असते. कुपी निदान शंभर कोंबड्यांची, कालवली की दोन तासांत संपवायची, आणि तुमच्याकडे तेरा. वाडीतल्या सात-आठ घरांनी एकच दिवस ठरवला, कोणीतरी थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणली, आणि त्या संध्याकाळी सगळ्यांनी कोंबड्या लवकर कोंडल्या, तर एका कुपीत अख्खी वाडी होते. दवाखान्यात औषधासाठी जाल तेव्हाच ती तारीख मागून घ्या.